उजव्या अंगठ्यासाठी साबण

२० ऑगस्ट, बुधवार

बरणी आज माझ्यावर शिंकली! फडकं काढलं आणि असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी. चार महिन्यांपूर्वी मोठ्या थाटात कोंबुचा आंबवायला लावला होता – काळा चहा, साखर, वर तरंगणारी ती जाड गिळगिळीत साय – आणि आठवड्यात विसरून गेले. आठवडा ही माझी सरासरी आहे. कादंबरी अकरा महिने चालू आहे ती केवळ तिला शेवट नाही म्हणून. शेवट ही जुनाट कल्पना आहे, असं मी लोकांना सांगते. लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

आता तो चहा उरलेला नाही, सरळ व्हिनेगर झालाय. आई त्याला 'बरणीतलं प्रकरण' म्हणते आणि ओट्याजवळून जाताना नाक धरते.

आई आज तणतणत आली. तिच्या कामाच्या ठिकाणी, लाँड्रीच्या दारात, ते हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसवलंय ना, ते तिला ओळखतच नाही. आत एक गोड आवाजाची बाई बसवलीय, ती दर वेळी म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा झालं की सुपरवायझर – चोवीस तास गळ्यात टाय, म्हणून सगळ्या त्याला टायच म्हणतात – वैतागून रजिस्टर काढतो आणि हातानं नाव लिहितो. आज त्यानं जाहीर केलं की एक नोव्हेंबरपासून रजिस्टर बंद. ज्यांचा अंगठा लागणार नाही त्यांनी यायची तसदी घेऊ नये.

दुसरं बोट चालेल का, विचारलं मी. नाही. मशीनमध्ये नोंद उजव्या अंगठ्याची. ती बदलायला वरच्या ऑफिसातून माणूस यावा लागतो, आणि तो माणूस म्हणजे भूतच, सगळ्यांनी ऐकलाय, पाहिला कुणीच नाही.

आईचे हात धरून बघितले. सोळा वर्षं हॉटेलांच्या चादरी, ब्लीच, गरम पाणी. सालं निघालेली, भेगा पडलेल्या. अंगठा तर तुळतुळीत. वर घरी आल्यावर ती तोच कपड्यांचा वडीसाबण हातांना लावते! म्हटलं, बाई गं, किती छळ करशील स्वतःचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मार्ग सापडला. साबण! घरचा, सौम्य, थोडं तेल जास्त राखून केलेला. आणि पाण्याऐवजी बरणीतलं प्रकरण. असं खरंच करतात लोक. मी दोन दिवस तेच वाचतेय. वडी सुकायला चार आठवडे लागतात. मग महिनाभर वापरायला मिळेल. बसतंय गणित.

माझं शिक्षण साहित्यातलं, त्यामुळे कॉस्टिक सोड्याबद्दल मला कसलीही भीती नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

भीती आता आहे.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकमध्ये कधीच नाही – हे पाठ होतं. पोहायचा चष्मा, भांडी घासायचे हातमोजे, सगळा जामानिमा. फक्त कोंबुचात गॅस असतो आणि तो आधी उकळून घालवायचा, एवढी ओळ मी गाळली. (मी ओळी गाळत वाचते. तीच माझी शैली.) पहिला चमचा पडला आणि पातेलं उठून उभं राहिलं! तपकिरी फेस, वाफ, ओल्या कुत्र्याचा वास. गॅलरीत पळाले.

आई अंघोळ करून बाहेर आली. आधी मला नीट पाहिलं – हात, तोंड, डोळे – सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली. मग म्हणाली, "मरायचं तर जरा बाहेर जाऊन मर. ओटा आत्ताच पुसला होता."

२५ ऑगस्ट, सोमवार

ओट्यावरचा डाग जात नाही. आईनं त्यावर साखरेचा डबा ठेवलाय. विषय संपला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चहा उकळला, गार केला, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला. त्या खड्यांवर कॉस्टिक थोडं थोडं. काही उडालं नाही! नारंगी काढा झाला. मग खोबरेल, तीळतेल, थोडं एरंडेल कोमट करून त्यात ओतला आणि घुसळत बसले. साच्यासाठी बुटांचं खोकं. आत लावायला कागद नव्हता, म्हणून कादंबरीची पहिली तीन प्रकरणं लावली. बरंच काही कापावं लागेल असं एका संपादकानं सांगितलंच होतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस झाले, अजून लोणी. बोट घातलं की बोट तेलकट. वडीवर माझी एक ओळ उलटी उमटलीय. 'तिला वाटलं की वाटणं हेच'. तेवढीच. याहून बरं संपादन माझं आजवर कुणी केलेलं नाही.

पण साबण नाही झाला. वैताग!

३० ऑगस्ट, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या सरांकडे गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं असिस्टंट होते. निवृत्त होताना अर्धी प्रयोगशाळा त्यांच्यामागे चालत घरी आली असावी, कारण चहासुद्धा ते चंचुपात्रातून ओततात.

त्यांनी बरणीतलं प्रकरण हुंगलं आणि खूश झाले. म्हणाले, आम्लाची भूक मोठी असते. तू घातलेलं कॉस्टिक आधी हा चहा खातो, उरलंसुरलं तेलाला मिळतं. त्यात तू हात मऊ व्हावेत म्हणून तेल आधीच जास्त ठेवलेलं. मग जमणार कसं? तो खातो किती, हे मोजायचं, आणि तेवढं कॉस्टिक वर घालायचं. लगेच नळी काढली, चहात कसलेसे थेंब टाकले आणि वरून कॉस्टिकचं पाणी सोडत राहिले, अख्खा ग्लास गुलाबी होईपर्यंत. शंभर ग्रॅम चहा दोन ग्रॅम कॉस्टिक खातो. खादाड!

निघताना एवढंच म्हणाले, "साबण म्हणजे औषध नव्हे हं. तो फार तर आणखी इजा करत नाही."

एवढं पुरे आहे मला.

३१ ऑगस्ट, रविवार

जमला. घुसळता घुसळता घट्ट झाला, चमच्याची रेघ वर तशीच राहिली. या वेळी बटर पेपर. कादंबरीला दुसरा डाव नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

कापला. चोवीस वड्या, गुळासारख्या रंगाच्या. कपाटावर वर्तमानपत्रात ओळीनं मांडल्या. आई स्टुलावर चढून बघून आली. एक वाकडी होती ती सरळ केली.

७ सप्टेंबर, रविवार

साबण तयार झाला का हे जिभेनं बघतात. झालं बघून. चटका! बॅटरीला जीभ लावल्यासारखा. दिवसभर बोबडं बोलतेय. आई म्हणाली, घर किती शांत झालंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वाट बघणं हे काम आहे, हे मला माहीत नव्हतं. रोज वड्या उलटते. लिहीत काहीच नाही.

टायनं आज भिंतीवर कागद लावला म्हणे, एक नोव्हेंबर, लाल अक्षरांत. मी विचारलं, बाकीच्या बायका काय म्हणतात? आई म्हणाली, काय म्हणणार, चादरी थोड्याच थांबतात.

२८ सप्टेंबर, रविवार

जीभ लावली. चव – साबणाची. फक्त साबणाची! सरांनी कागदाची पट्टी लावून पास केलं. आईला दोन वड्या दिल्या, एक घरी, एक कामावर. तिनं हात धुतले, हुंगले. व्हिनेगरचा वास नाही. म्हणाली, "बरा आहे की."

माझ्या कुठल्याही लिखाणावर ती एवढं बोललेली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

भेगा मिटतायत!! करंगळीची सालं गेली. मी रोज संध्याकाळी तपासणी करते. आई शाळेत नखं दाखवावीत तसे हात पुढे करते.

१९ ऑक्टोबर, रविवार

नऊ बोटं ठीक. रेषा परत आल्यायत, भिंग लावलं तर नदीचा नकाशा दिसतो. उजवा अंगठा मात्र काचेसारखा. काही नाही त्यावर!

सरांना दाखवलं. ते म्हणाले, हे शास्त्रात बसत नाही. नऊ बोटं एका साबणानं धुता आणि दहावं दुसऱ्याच कशानं? आई शांतपणे म्हणाली, चादरीची कड उजव्या अंगठ्यानं धरायची असते, तो जास्त झिजतो. सरांना पटलं. मलाही.

बारा दिवस उरले. आईनं नोकरी सोडून करायचं काय? माझ्या कादंबरीवर जगायचं?

२५ ऑक्टोबर, शनिवार

आता निकराची लढाई. रोज झोपताना अंगठ्याला एरंडेल, वर सुती मोजा. खरखरीत काहीही हाताला लागू द्यायचं नाही, असं सरांनी सांगितलंय. मी घरभर फिरून शत्रू गोळा केले. तारेची घासणी, काथ्या, न्हाणीघरातला पाय घासायचा दगड. सगळं कचऱ्यात.

आईनं दगडाबद्दल तीनदा विचारलं. एवढं काय त्या दगडाचं? म्हटलं, टाचा बघतंय कोण तुझ्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आई हल्ली गॅलरीत भिंतीला हात टेकून उभी असते. थकत असेल.

अंगठा मऊ वाटतोय. रेषा आहेत की नाहीत, कळत नाही. मला तर आता सगळीकडे रेषा दिसतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला हात धजत नाहीये. तरी लिहिते.

वड्या उरल्या होत्या. म्हटलं, आईबरोबरच्या अकराजणींचेही हात तसलेच असणार, त्यांनाही देऊ. आईनं सकाळी दोनदा नको म्हटलं. मी ऐकते थोडीच! जेवणाच्या सुट्टीत पिशवी घेऊन थेट लाँड्रीत. वाफ, पांढरे ढीग, मशिनांची घरघर. बायका ढिगाऱ्यांवर बसून डबे खात होत्या. मी मोठी तज्ज्ञ असल्यासारखी म्हटलं, हात दाखवा.

दाखवले. सगळ्यांचे भेगाळलेले, सोललेले. आणि उजवा अंगठा – तुळतुळीत. पहिलीचा. दुसरीचा. सातवीपर्यंत आले आणि वर बघितलं. सगळ्या आईकडे बघत होत्या. इस्त्रीवरच्या मावशी हसू दाबत म्हणाल्या, पोरीला सांगितलं नाहीस होय?

घरी येताना आईनं सांगितलं. त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलीला चार महिन्यांचं बाळ आहे. दुपारी ती घरी जाऊन त्याला पाजून येते. बाकीच्या तिच्या चादरी उरकतात. रजिस्टरमध्ये सकाळी एकदा नाव लिहिलं की झालं, मध्ये कोण गेलं-आलं कुणी विचारत नाही. मशीन मात्र दर वेळी दारात अंगठा मागतं, आणि तासाभराची रजा लावतं. आज तिचं बाळ, उद्या कुणाची सासू आजारी. म्हणून मशीन आलं त्याच आठवड्यात बाराजणींनी ठरवलं. रोज घरी गेलं की अंगठा दगडावर घासायचा. एकीचा लागला नाही तर ती जाईल. बाराजणींचे लागले नाहीत तर टायला रजिस्टर ठेवावंच लागेल. सगळ्यांना काढून चादरी काय तो धुणार?

म्हणजे मी साबण घासत होते, आणि आई दगड. दगड गेल्यावर गॅलरीतली भिंत.

चिडले मी. रस्त्यातच. दोन महिने, जिभेला चटके, ओट्याला डाग – एका शब्दानं बोलली नाहीस!

आई चालतच राहिली. म्हणाली, "तू पहिल्यांदाच काहीतरी शेवटापर्यंत नेत होतीस. मध्ये कशाला बोलू?"

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा दगड घेतला. घरी आल्यावर मीच तिचा अंगठा धरून घासला, लाल होईपर्यंत. दुखलं असणार. ती मला सांगत होती, जोरात घास, लिहितेस तशी हळूहळू नको. दोघी हसलो. मग भिंगातून बघितला. मला तरी काही दिसलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आईचा अंगठा लागला. पहिल्याच वेळी. माझा साबण आणि एरंडेल दगडाला पुरून उरलं. रांगेत आई सगळ्यात पुढे होती.

बाकी अकराजणींचे लागले नाहीत. टाय म्हणाला, मशीन ठीक आहे, पुरावा समोर उभा आहे. सोमवारपासून त्यांनी यायचं नाही. आईनं मात्र यायचं.