दाजींच्या काळजाची गिचमिड

५ ऑगस्ट १९६५
डॉक्टर कॉन्फरन्सला मुंबईस गेले. दवाखाना कंपाउंडरवर, म्हणजे माझ्यावर. नवं कार्डिओग्राम मशीन आलंय. हात लावू नका, म्हणाले. म्हणजे धूळ बसू देऊ नका. मशीनसोबत आलेल्या पुस्तकातलं धोक्याच्या ठोक्यांचं प्रकरण दीड पान वाचलं. सोपं आहे. कागदावर रेघांची गिचमिड आली की माणूस गेलाच. डॉक्टर येईपर्यंत एक्स्पर्ट व्हायचं. नक्की.

६ ऑगस्ट
हातापायांच्या पट्ट्यांखाली लावायची पेस्ट सापडेना. खोबरेल लावायचं ठरवलं. परदेशी कंपनीला खोबरेलाची काय अक्कल!

७ ऑगस्ट
माझे सासरे दाजी तारकर्लीहून खोकल्याच्या औषधाला आले. झोपवलं, तेल चोपडलं, मशीन लावलं. गिचमिड! अरे देवा. पुस्तक म्हणतं, अशा रोग्याला शुद्ध नसते, नाडी नसते. दाजी विडी मागत होते. जुनी हाडं, दाखवत नाहीत.

संध्याकाळी
दाजींना आमच्याच घरी खाटेवर टाकलं. पौर्णिमेला वाडीचा मानाचा नारळ दर्यात सोडणं बंद, होडी बंद. भडकले. "बापाशीपासून नारळ आमचो! माका काय्येक होऊक नाय!" हार्टवाले असेच चिडतात. मग भिंतीकडे तोंड करून रडले. फार वाईट वाटलं. पण सायन्स म्हणजे सायन्स. बायकोनं, प्रेमलतेनं, अबोला धरलाय.

९ ऑगस्ट
खात्री म्हणून सुकी मासळी विकणाऱ्या बाबलीचा कार्डिओग्राम काढला. गिचमिड. एसटीचे कंडक्टर गणपत. गिचमिड. दोघंही चालत घरी गेले. म्हणजे साथ आहे. डॉक्टरांना तार: मालवण धोक्यात, निघा.

११ ऑगस्ट
स्वतःचा काढला. गिचमिड. खलास. प्रेमलतेला म्हटलं, आता मी घटकाभराचा सोबती. अबोला मोडून म्हणाली, "जावा, पण आधी लाकडां फोडून जावा." बायकांना गांभीर्य म्हणून नाही. फोडली. दम लागला नाही. हेच वाईट लक्षण.

१२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
अजून आहे. दाजींची खाट रिकामी! मागच्या दारानं पळाले. दार प्रेमलतेनंच उघडलं. धावत जाऊन अडवायला हवं, पण मला सक्त विश्रांती आहे. मीच सांगितलीय.

१३ ऑगस्ट
तार वाचून डॉक्टर धावत आले. मशीन हुंगलं. इथे भजी तळलीत का, विचारलं. पट्ट्या पुसल्या, पेस्ट लावली (त्यांच्याच ड्रॉवरात होती), दाजींना बोलावून तपासलं. पंचविशीतल्या पोराचं काळीज, म्हणाले. शिवाय विडी मागणाऱ्या माणसाला ती गिचमिड असूच शकत नाही. हे पुढच्या पानावर असणार. माझं निदान बरोबरच होतं, तेल चुकलं. मशीनच्या खोलीची किल्ली त्यांनी काढून घेतली. असो. जबाबदारी कमी झाली.

दुपारी
नारळ काल दाजींनीच सोडला. पहिल्या जाळ्यातली सुरमई घरी पाठवलीय. सोबत निरोप: सगळ्यांनी पोटभर खावा, जावयबापूक मात्र पेज. हार्टाचो पेशंट तो.

घरभर तळणीचा वास. प्रेमलतेनं पेज आणून ठेवली. लोणचं मागितलं, तर काळजाला बरं नव्हे म्हणाली.