योगराज गुरुजी फाजल झाले

सुरत,
गणपती बसल्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप उषाअक्कास,

योगराजचा वाकून नमस्कार. वाकलोच आहे तर दाजींच्याही पायांना हात लावतो (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता). शिंदखेड्याला यंदा पाऊस कसा आहे, गाय व्याली का, आणि तुझी साखर किती आहे? मी इकडे सुखरूप आहे. फोनवर सगळे सांगता आले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग माझी हकीकत तुझ्याआधी तुझ्या शेजारणी ऐकतात. म्हणून पत्र.

तर अक्का, तुझा भाऊ फाजल झाला. घाबरू नकोस. आपल्याकडे फाजील म्हणजे आगाऊ, तोंडाळ. इथल्या गुजराती कागदात फाजल म्हणजे जास्तीचा, शिल्लक राहिलेला. मुले कमी झाली की शिक्षक फाजल होतो आणि मग जिथे मुले जास्त असतील तिथे त्याला पाठवतात. आपल्या पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत मुले कमी होत चालली होती. अर्धी हिंदीत गेली, काही गुजरातीत, आणि ज्यांच्या बापांना ओव्हरटाइम मिळतो ती टाय लावून इंग्रजीत गेली. म्हणून जूनमध्ये माझी तिसरी आणि उज्ज्वलाबाईंची चौथी एकाच खोलीत आणून बसवली. दोघांपैकी कोण राहणार ते शिक्षण खात्याचे साहेब मुले मोजायला येतील तेव्हा ठरेल, असे हेडमास्तर हिलालसरांनी सांगितले. (उज्ज्वलाबाई म्हणजे नंदुरबारच्या. इथे सगळे त्यांना उज्ज्वलाबेन म्हणतात, कारण गुजरातेत प्रत्येक बाई बेनच असते. मी मात्र पहिल्या दिवसापासून बाई म्हणतो. मातृभाषेचा अभिमान, दुसरे काही नाही.)

त्या खोलीचे वर्णन कसे करू? समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे. तिसरीची तोंडे पूर्वेला, चौथीची पश्चिमेला, मध्ये मुलांच्या पाठीला पाठ. माझ्या बाजूला खिडकी, आणि खिडकीतून कापड रंगवणाऱ्या मिलची वाफ दिसते. दुपारी ऊन तिच्यात शिरले की ती गुलाबी होते, पिवळी होते, आणि वाटते की आत कपडा नाही, कोणीतरी संध्याकाळच रंगवून वाळत घालते आहे. मी गोष्ट सांगायला लागलो की मुले त्या वाफेकडे बघत गालावर हात ठेवून बसत, आणि त्यांच्या मागून उज्ज्वलाबाईंचा पाढ्यांचा आवाज यायचा, आपली आई जात्यावर म्हणायची तसा, सावकाश, एका लयीत. ऐकता ऐकता मी काय शिकवतो आहे ते मलाच कळेनासे व्हायचे. एकदा मी सांगितले की राजाला सात राण्या होत्या. त्याच वेळी मागून आले, सात सक्कं बेचाळीस. सगळ्या तिसरीने पाटीवर लिहिले, राजाला बेचाळीस राण्या होत्या. मी ते बरोबर धरले, कारण खरे सांगायचे तर फळ्यावर मीही तेच लिहिले होते. उज्ज्वलाबाई आपल्या फळ्याकडून वळून म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्या राण्यांना घर कुठून द्याल?" चौथी खो खो हसली. मी त्या दिवशी घरी चालत आलो. दोन रिक्षा सोडल्या, असे मागाहून लक्षात आले.

मुले वाढली तर दोघेही राहू, हे दोघांनाही कळत होते. म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही घरोघर मुले मागत फिरू लागलो. रुक्मिणीबाई म्हणून एक परभणीकडची बाई, साड्यांना लेस लावते. तिची मुलगी पूजा तिसरीत बसण्याजोगी, पण तिला हिंदी शाळेत घालायचे ठरले होते. नवरा रातपाळी करून खोलीच्या मध्यभागी झोपलेला, म्हणून सगळे बोलणे कुजबुजत. "मराठीत घालून काय करू, बाई?" रुक्मिणी कुजबुजली. "मालक गुजरातीत वरडतो, ठेकेदार हिंदीत वरडतो." यावर मी मातृभाषेचे महत्त्व कुजबुजायला लागलो (कुजबुजून सांगितले की ते महत्त्व फार लहान वाटते, अक्का). उज्ज्वलाबाईंनी मला हाताने थांबवले आणि एवढेच विचारले, "पोरीला स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात?"  तेवढ्यात नवरा कुशीवर वळला आणि झोपेतच मोठ्याने म्हणाला, "अगं, शेळी बांधली का? पाला खाईल ना!" पंधरा वर्षे सुरतेत राहिलेला माणूस! रुक्मिणीने तोंडाला पदर लावला. आम्ही तिघे आवाज न करता इतके हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. दुसऱ्या दिवशी पूजा माझ्या वर्गात, खिडकीजवळ. अशी एकेक करत मुले वाढली. आमचे दोघांचे पाय दुखायचे, पण मला त्या गल्ल्यांचा कंटाळा कधी आला नाही. रस्त्यावर साड्यांच्या रंगीत चिंध्या पडलेल्या असत आणि आम्ही त्यांवरून चालत असू.

आता पुढे ऐक. साहेब मोजणीला आले तो दिवस कोणता? आपल्या खानदेशच्या कानबाईमातेच्या विसर्जनाचा सोमवार! कानबाईला खानदेशी पोरगे शाळेत बसेल का, तूच सांग. हिलालसरांना तारीख बदलून घ्यायचे भानच राहिले नव्हते. त्यांच्याही घरी कानबाईच्या रोटांचा नैवेद्य होता. वर्गात पूजा आणि आणखी मोजकी मराठवाड्याची मुले. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि मुले कुठे म्हणून विचारले. "छोकरां क्यां छे?" हिलालसर माझ्या कानात म्हणाले, "आते काय करो भो?"  तेवढ्यात लांबून वाजंत्री ऐकू आली. मिरवणूक आमच्याच रस्त्याने तापीकडे निघाली होती. बायांच्या डोक्यांवर कानबाई, हवेत गुलाल, वर मिलची वाफ, आणि त्या सगळ्यात नाचत येणारी आमची तिसरी आणि चौथी. उज्ज्वलाबाईंनी हजेरी उचलली, खिडकीशी गेल्या आणि नावे पुकारू लागल्या. पहिल्या नावाला रस्त्यावरून कोणीतरी हात वर करून ओरडले, "हाजर!" मग दुसरे, मग तिसरे. वाजंत्रीवाल्यांनी वाजवणे थांबवले. साऱ्या रस्त्यावर फक्त एक एक नाव आणि एक एक हाजर. अक्का, मला वाटले, ही हजेरी कधी संपूच नये.

ती संपली. साहेबांचे डोळे भरले होते, ते मी पाहिले. माणूस वाईट नव्हता. ते इतकेच म्हणाले, "बेन, आंकडो तो वर्गमां जोईए." आकडा वर्गातलाच हवा, म्हणून वर्गात बसलेली तेवढीच मुले लिहून गेले. मी नोकरीत नंतर लागलेला, म्हणून फाजल मी. पंधरा दिवसांत हुकूम आला, कतारगामकडची शाळा. निरोपाला चौथीने पाढे म्हणून दाखवले. माझा फळा उज्ज्वलाबाईंनी स्वतः पुसला.

इथे उलटे आहे. इथे मुले इतकी की वर्गात मावत नाहीत. माझा वर्ग ओट्यावर भरतो. एवढी मुले मिळाल्यावर शिक्षकाने सुखी व्हावे. मीही सुखीच आहे. जागा मोकळी, वारा चांगला, काळजी करू नकोस. दाजींना गुडघ्याला तीळतेल लावायला सांग.

तुझा,
योगराज

ता.क. सुखी आहे असे वर लिहिले, ते खोडायचे राहिले. गोष्ट सांगताना मध्येच थांबतो आणि मुलांच्या पाठीमागून पाढे येतील म्हणून वाट बघतो. मागे नुसती भिंत आहे. मुले विचारतात, गुरुजी, पुढे काय झाले?

ता.क. २. नंदुरबारला तुझी नणंद असतेच. सहज तिच्याकडे जा, आणि सहजच पुढच्या गल्लीत सुकदेवरावांकडे जा. ते उज्ज्वलाबाईंचे वडील. दाजींना बरोबर ने, पण बोलणे तू कर. माझे वय विचारले तर विषय बदल. नवरा-बायकोला एकाच शाळेत घेतात असे इथला क्लार्क म्हणतो, पण मी त्यासाठी हे करत नाही, हे त्यांना पटवून दे. शाळा निराळी मिळाली तरी चालेल. घर एक हवे.

ता.क. ३. (निराळ्या अक्षरात)
अक्का, सा. नमस्कार. गुरुजी काल सर्व्हिस बुकासाठी इकडे आले होते, ते हे पाकीट हिलालसरांच्या टेबलावर विसरून गेले. वर पत्ताच नव्हता, म्हणून तो शोधायला उघडावे लागले. पत्र चांगले आहे, दोन ठिकाणी वेलांटी सुधारली आहे. बाबांकडे अवश्य जा, ते चहा चांगला करतात. मात्र लगेच उत्तर मागू नका. मी अजून हो म्हटलेले नाही, कारण मला अद्याप कोणी विचारलेलेच नाही. तेवढे तुमच्या भावाला कळवा. मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबते.
— उज्ज्वला