राघूच्या पोटातला कागद

प्रिय अक्का,

तक्रार गंभीर आहे, तेव्हा नीट बसून वाच. ‘दोन दिवसांत देते गं’ म्हणून तू नेलेली माझी इस्त्री अखेर तुझ्या कपाटात सापडली. परवा एका लग्नाला जायचं म्हणून मी ती माझ्या पांढऱ्या साडीवरून फिरवली, आणि पदरावर तपकिरी नकाशा उमटला. तिच्या तळाला कसलासा चकचकीत थर जळून चिकटलाय! भर मांडवात मी उजव्या हातानं पदर झाकत वावरले. डाव्या हातानं जेवायची आपल्याकडे सोय नाही. जिलेबी राहिली, अक्का. जिलेबी!

जाब विचारायला फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि मग लक्षात आलं. म्हणून हे पत्र.

थर कशाचा ते मला माहीत आहे. तुझ्या लाडक्या फ्रीझर पेपरचा. विद्यानं, तुझ्या लेकीनं, परदेशातून पाठवलेला तो रोल आठवतो? एका बाजूनं साधा, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत. साध्या बाजूवर राघूचं चित्र काढायचं, कापायचं, गुळगुळीत बाजू कापडावर ठेवून इस्त्री फिरवायची. कागद चिकटतो. त्याच्या कडेनं कापड दुमडून दुपट्यावर शिवायचं, आणि शेवटी मागून कापडाला चीर देऊन कागद ओढून काढायचा. राघूची चोच टोकदार ती टोकदारच राहते. विद्यानं हे सगळं तुला व्हिडिओवर दाखवलं होतं. तू मान डोलावलीस आणि पहिल्याच दिवशी गुळगुळीत बाजू वर ठेवलीस. आणि तेही माझ्या इस्त्रीखाली! तुझी स्वतःची इस्त्री नव्हती का गं?

पण खरं रामायण घडलं ते नंतर. विद्या फोनवर सहज बोलून गेली, “आई, इकडे लोक यात मटण गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतात.” झालं! मंद्रूपच्या आपल्या घरात कांदा चिरलेली विळीसुद्धा देवघराच्या दिशेनं ठेवायची नाही, आणि तू आठवडाभर तो रोल लिंगपूजेच्या पाटाशेजारी उभा केला होतास. जुळे सोलापुरातल्या तुझ्या त्या फ्लॅटमध्ये एक रात्र रोल गॅलरीत झोपला. सकाळी मी आले तर तो परत आत, आणि त्याच्यावर विभूतीची तीन बोटं!

“हे काय अक्का?”

“काय म्हणजे? कोरा हाय की अजून. कशाभोवती गुंडाळला न्हाय त्याला. कागदाला काय कळतंय?”

“मग विभूती कशाला?”

“त्याला न्हाय कळत, मला कळतंय की! लई शानी झालीस.”

अक्का, धर्माचे इतके मोठमोठे वाद मी वाचले, पण इतका झटपट निकाल कुठं पाहिला नाही.

नातीचं दुपटं होतं ते. विद्याला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून तू हिरव्या चिंध्या शोधत होतीस. माझ्या एका चांगल्या ब्लाउजपीसकडे तू ज्या नजरेनं पाहायचीस ती मी ओळखून होते, म्हणून तो मी कुलपात ठेवला. राघू सगळे शिवून झाले, गोल रिंगण करून. कागद आतच राहिले. आता चिरा द्यायच्या, कागद काढायचे, खाली तुझ्या जुन्या मऊ लुगड्याचे थर घालून धावदोरा मारायचा, एवढंच बाकी होतं. आणि तू गेलीस. नात जन्मायचीही वाट पाहिली नाहीस. एवढी कसली घाई होती गं? बाकी कुठं जायचं म्हटलं की रिक्षा खाली येऊन हॉर्न मारायची आणि तू अजून केसांत गजरा माळत असायचीस.

विद्याचा फोन आला. “मावशी, त्याला हात लावू नकोस. आईच्या हातचं शेवटचं आहे. मी काचेत लावणार.”

मी ‘बरं’ म्हणाले. मग दुपटं हातात घेतलं, तर राघू कुरकुरले. खरंच! दाबलं की कागद वाजतो. काचेत राहिले असते तर चालून गेलं असतं. पण एकदा पाण्यात पडलं की आत नुसता लगदा. म्हणजे कागद आत ठेवले, तर ते बाळाच्या अंगावर कधीच पडणार नाही. अक्का, तू आयुष्यात एक तरी वस्तू काचेत ठेवलीस का? लग्नातली तुझी इरकल फाटली तेव्हा तिचीसुद्धा तू वाकळ केलीस आणि नवऱ्याच्या अंगावर घातलीस. काचेतलं पांघरूण म्हणजे उपाशी माणसाला दाखवलेला जेवणाचा फोटो.

तरी कात्री धरवेना. तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या रेहाना भाभींना हाक मारली. तू शिकवल्यावर त्या तुझ्यापेक्षा सफाईनं राघू कापायच्या, हे तुझ्या हयातीत कुणी बोललं नाही, आता बोलते. भाभींनी दुपटं उलटं केलं, बोटानं दाबलं, कुरकुर ऐकली.

“छोटी अक्का, कायकू डरते? पेट में कागज छोड़के बच्ची कू कैसा उढाते? काटो.”

“तुम्हीच कापा की.”

“नक्को. तुमारी बहन, तुमीच काटो. मैं पकड़ती.”

त्यांनी राघू चिमटीत वर उचलून धरला, मी मागचं कापड कापलं. केसांच्या चिमट्यानं कागद ओढला. तो अख्खा आला, चोचीसकट. एका राघूचा निघता निघता फाटला, तेव्हा भाभी मला जे काही बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. चिरा मी बुजवल्या. धावदोरा आम्ही दोघींनी मारला. त्यांचा कुठला आणि माझा कुठला, हे रिक्षातून जाणाऱ्यालाही ओळखता येईल.

बाळंतपण उरकल्यावर विद्या इकडे आली. बाळ खांद्यावर, डोळे रडून सुजलेले. दुपटं पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, आज ही पोरगी आपल्याला कायमची तुटली. दुपटं उलटं करून माझ्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

“हे कुणी शिवलं?”

“मी.”

“दिसतंय.”

अक्का! शपथेवर सांगते, तुझाच आवाज. तीच मान, तोच खवटपणा. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून चहा ठेवला. चहा घेऊन आले तर तुझी नात दुपट्यावर पालथी पडली होती आणि एका राघूची शेपटी तोंडात घालून चघळत होती. विद्या नुसती बघत बसली होती. चहा निवला. मग हळूच म्हणाली, “मावशी, हे गार पाण्यात धुवायचं की कोमट?”

गार, म्हणून सांगितलंय. बरोबर आहे ना?

आता एकच. आवराआवर करताना उरलेलं हिरवं कापड भाभींना दाखवलं, तर म्हणाल्या, “हमारा हैच ना. सना के ईद के ड्रेस का.” म्हणजे सगळे राघू त्यांच्या लेकीच्या ड्रेसमधून उडाले होते! आणि तुझा नियम मला पाठ आहे: ज्या घरचं कापड घेतलं, त्या घरी त्यातलं काहीतरी शिवून परत जायचं, रिकाम्या हातानं शेजार ठेवायचा नाही. तेवढं तुझं राहून गेलं होतं. भाभींनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

विद्याला मी वचन दिलंय, तेच तुलाही देते. दुपटं विरलं की मी रफू करीन, फाटलं की ठिगळ लावीन, पण काच आणू देणार नाही.

आणि आज सकाळी एक उशीचा अभ्रा शिवून संपवला. त्यावर एकच हिरवा राघू. चोच जरा वाकडी आलीय. भाभी बाजारात गेल्या होत्या. त्यांच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवला आणि बेल न वाजवता खाली उतरले.

तुझीच,
सुनी