दाजींना गव्याच्या प्रकरणाचा खुलासा

तासगाव, रविवार

ती. सुभेदार दाजींना नाथाजीचा वाकून नमस्कार, आणि अक्काला तिच्या धाकट्या भावाची आठवण.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे पाटणला थंडी पडली असेल. अक्काच्या गुडघ्याला रोज तेल लावून शेक देता ना? (देत नाही, हे मला माहीत आहे, पण विचारणं भावाचं काम.) म्हैस व्याली का, आणि रेडी झाली की रेडा, तेही कळवा. विजयमालेनं अक्कासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

एव्हाना तुमच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला असेलच. त्यात निळा गणवेश घालून, बंदूक उंच धरून लोकांवर ओरडणारा जो माणूस आहे, तो मी. त्यात गवा दिसत नाही, कारण व्हिडिओ फिरवणाऱ्यानं नेमका तेवढा भाग कापला. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की सांगलीत एका गनमनचं डोकं फिरलं. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, म्हणून हा खुलासा. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला "गप रं" म्हणता, आणि मी गप बसतो. कागदाला तसं म्हणता येत नाही.

नोकरी तुमच्याच शब्दावर लागली, हे मी विसरलेलो नाही. सोनेतारण करणाऱ्या पतसंस्थेला हत्यारी पहारेकरी हवा होता. माजी सैनिक असावा, वय पन्नाशीच्या आत, नजर साफ, छाती फुगवून भरावी, अंगावर पोलीस केस नसावी. एजन्सीच्या साहेबांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं आणि त्यांचा चेहरा थोडा पडला. मी पलटणीत ब्लँकेटं, बूट नि मच्छरदाण्या मोजण्यात हयात घातली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (चारचौघांत तुम्ही मला 'ब्लँकेट' म्हणता. मी मनावर घेत नाही, पण आता आमच्या गावातले लोकही म्हणायला लागलेत.) साहेबांनी विचारलं, गोळीबार कधी केलाय का. मी म्हटलं, दरवर्षी सगळ्यांना करावा लागतो तेवढा केलाय. मग त्यांनी शिफारशीखाली तुमचं नाव वाचलं, सुभेदारांचे मेव्हणे का, असं म्हणून शिक्का मारला.

त्यानंतर चारित्र्याची चौकशी करायला हवालदार घरी आला. मी रानात होतो. विजयमालेनं त्याला चहा दिला. त्यानं विचारलं, नवऱ्याला राग येतो का, भांडण-मारामारी करतो का, हातात बंदूक दिली तर काही धोका वाटतो का. त्यावर आमच्या घरधनिणीनं सांगितलं, "आवं, घरात पाल निघाली तर ह्ये कॉटवर उभं ऱ्हात्यात आन् मला हाक मारत्यात." हवालदारानं 'स्वभाव शांत' असं लिहून नेलं. एवढा चांगला शेरा आमच्या पंचक्रोशीत कुणाला मिळाला नसेल.

प्रशिक्षण मिरजेच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत झालं. माजी सैनिक म्हणून आम्हाला ते थोडक्यात होतं. आग लागली तर काय करायचं, बाई बेशुद्ध पडली तर काय करायचं, साहेबांची गाडी आली तर सलाम कसा ठोकायचा (यावर सगळ्यात जास्त वेळ गेला). शेवटी नेमबाजी. माझ्या जोडीला जतचा कोंडीबा म्हणून एक जण होता, तोफखान्यातून निवृत्त झालेला, दोन्ही कानांनी कमी ऐकणारा. काडतुसं जुनी होती. कोंडीबानं चाप ओढला, नुसतं खट् झालं. तो आमच्या तोंडाकडं बघायला लागला, कारण आवाज झाला नाही की आपल्याला ऐकू आला नाही, हे त्याला समजेना. मास्तर म्हणाले, "फुटली असं धरा." माझी तर दोन्ही काडतुसं फुटली असं धरण्यात आलं, आणि नेमकी लागली असंही धरलं. आम्ही सगळे पास झालो.

आता मुद्द्यावर येतो. आमची पतसंस्था हळदीच्या पेठेजवळ आहे. बंदूक दुनळी, पतसंस्थेच्या मालकीची. परवान्यावर ती सांभाळणारा म्हणून माझं नाव. पण काडतुसं माझ्याकडं नसत. आधीच्या पहारेकऱ्याच्या हातून एकदा बार उडाला आणि साहेबांच्या केबिनचं छत खाली आलं, तेव्हापासून काडतुसं तिजोरीत. तिजोरीची एक किल्ली मॅनेजर जयराजसाहेबांकडं, दुसरी कॅशियर संयोगिता मॅडमकडं. दरोडा पडला तर मी आत जाऊन सांगायचं, मग दोघांनी मिळून तिजोरी उघडायची, मी रजिस्टरवर सही करायची आणि काडतुसं घेऊन बाहेर यायचं. दरोडेखोर तोवर बाकावर बसतील, असा सगळ्यांचा समज असावा. मी एकदा हळूच विचारलं, तर जयराजसाहेब (पोरगा गुणी आहे, पुण्यात शिकलाय) म्हणाले, "नाथाजी, बंदूक दाखवायलाच असते." मला ते पटलं. रिकामी असल्यामुळं मला झोपही चांगली लागायची.

परवाच्या बुधवारी सकाळी मी पायऱ्यांवर उभा होतो. एक आजी आत जायला निघाली होती, कवठेमहांकाळकडची, गहाण पाटल्या सोडवायला आलेली. पायरी चढताना तिला धाप लागली म्हणून मी तिला माझ्या स्टुलावर बसवलं. तेवढ्यात पेठेकडून आरडाओरडा ऐकू आला आणि माणसं पळत सुटली. मला वाटलं, दरोडा. मी आत सांगायला वळलो, तर शटर धाडकन खाली. जयराजसाहेबांनी सीसीटीव्हीत माझ्याआधी बघितलं होतं. संस्था, सोनं, कर्मचारी सगळं सुरक्षित झालं. बाहेर राहिलो मी आणि आजी. आणि कोपऱ्यावरून गवा आला.

दाजी, तुमच्या कोयनेच्या खोऱ्यात तुम्ही गवे लांबून पाहता. मी हा दहा पावलांवरून पाहिला. आपल्या म्हशीच्या दुप्पट, काळा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. नदीकाठच्या उसातून रात्री शिरला असावा आणि परत जायची वाट सापडली नसावी. मी शटरला तोंड लावून म्हटलं, साहेब, काडतुसं. आतून बराच वेळ किल्ल्यांचा आवाज आला. मग शटरखालून आधी रजिस्टर बाहेर आलं, त्यावर पेन. (सही कुठं करायची ती जागा त्यांनी खूण करून दिली होती.) मी सही केली नाही. भीतीनं नाही म्हणा, किंवा भीतीनंच म्हणा; पण गवा माझ्यापुढं उभा होता आणि मला त्याच्या बरगड्या दिसत होत्या. भात्यासारख्या वर-खाली होत होत्या. तोंडाला फेस, जीभ बाहेर. समोरच्या गच्च्यांवर शंभरेक माणसं मोबाईल धरून उभी, शिट्ट्या मारतायत, पत्रे बडवतायत. प्रत्येक आवाजाला तो जागच्या जागी थरथरत होता. कुणीतरी वरून ओरडत होतं, घाला गोळी, बंदूक कशाला घेतलीय.

मागून आजी अगदी सावकाश म्हणाली, "त्येला मारू नगं बाबा. ते भ्यालंय. त्या वरच्या मानसास्नी गप कर आधी."

मग मी जे केलं ते तुम्ही व्हिडिओत बघितलंत. गव्याकडं पाठ केली (हे सांगायला सोपं आहे), बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली आणि परेड मैदानावरच्या आवाजात ओरडलो की सगळे खाली बसा, आता जो तोंड उघडेल त्याची खैर नाही. कुणावर रोखली नाही, शप्पथ. पण दाजी, सगळी गच्ची खाली बसली. पत्रेवाले बसले. रस्त्यावर एक रिक्षावाला होता, तोही रिक्षाच्या मागं बसला. पेठ अशी शांत झाली की हळदीच्या पोत्यांवरच्या चिमण्यांचा आवाज यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी माझं ऐकलं.

गवा थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्याचा श्वास खाली बसला. मग तो वळला आणि मोकळ्या झालेल्या बोळातून चालत, अगदी चालत, पेठेतल्या रिकाम्या गोदामात शिरला. हमालांनी दार लावलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी इंजेक्शन देऊन त्याला गाडीत घातलं आणि जंगलाकडं नेलं. जिवंत आहे, मी फोन करून विचारलं.

संध्याकाळी मात्र पोलीस आले. गच्चीवरच्या एकानं तक्रार दिली की पहारेकऱ्यानं भरलेली बंदूक दाखवून नागरिकांना धमकावलं. ठाण्यातल्या साहेबांनी बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून पलीकडं बघितलं, आणि काडतुसांचं विचारलं. मी तिजोरीची पद्धत सांगितली. ते बराच वेळ हसले. आजीही ठाण्यात आली होती, कुणी बोलावलं नसताना. "मीच सांगितलं त्येला, गप कर म्हनून," असं तिनं परत परत सांगितलं. तक्रारदाराला समजावून परत पाठवलं, मला समज देऊन सोडलं. इथंवर सगळं ठीक झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की पहारेकऱ्याच्या बंदुकीत गोळीच नव्हती. आता अख्ख्या सांगलीला कळलं की इथली बंदूक रिकामी असते. जयराजसाहेबांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि फार वाईट वाटून सांगितलं, "नाथाजी, तुमची चूक काहीच नाही, पण आता तुम्हाला दारात उभं करून काय उपयोग?" संयोगिता मॅडम रडल्या. माझी नोकरी गेली.

तर असं आहे. तुमच्या शब्दाला बट्टा लागला असं मानू नका. मी पत्र फक्त ख्यालीखुशाली कळवायला लिहिलं. काही काळजी करू नये. अक्काला सांगा, डबा लवकर पाठवतो.

आपला,
नाथाजी

ता. क. – येत्या रविवारी गावात माझा सत्कार ठेवलाय. मी नको म्हणत होतो. बॅनरवर गव्याचा नि माझा फोटो शेजारी शेजारी आहे. मंडळाची इच्छा आहे की तुम्ही मेडलं लावून प्रमुख पाहुणे म्हणून यावं आणि दोन शब्द बोलावेत. बोलताना मला 'ब्लँकेट' म्हणू नये, एवढीच विनंती.

ता. क. दुसरा – वाट चुकून गावात आलेली जनावरं परत घालवायला वनखातं एक तुकडी करतंय, त्यात रोजंदारीवर माणसं घेतायत. बंदूक मिळत नाही. एका जबाबदार माणसाचं शिफारसपत्र लागतं. 'अर्जदार संकटात डगमगत नाही' असं तुमच्या सहीनं आलं तर बरं होईल. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहिलं.

ता. क. तिसरा – दाजींना विजयमालेचा नमस्कार. ह्यांनी पाकीट डकवायला दिलं तेव्हा वाचून घेतलं. डगमगत नाही असं मात्र लिहू नका. त्या दिवशी घरी आले तेव्हा हात असे कापत होते की शर्टाची बटणं मला काढावी लागली. रात्रभर बसून होते. पण नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी, कुणी न सांगता, पहिल्या गाडीनं वनखात्यात नाव द्यायला गेले. तुम्ही एवढंच लिहा. नोकरी देणाऱ्याला ते पुरेल.