पाद्रीसाहेबांची माती

अबुधाबी, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६५

पाद्रीसाहेब गेले. आज दुपारी त्यांना इथल्याच वाळूत पुरलं.

इंग्रजांच्या राज्यात त्यांनी दापोलीच्या मिशन शाळेत उमेदीची सगळी वर्षं काढली. बायको एडिथ तिथेच वारली. म्हातारपणी त्यांना इथे तेल कंपनीतल्या गोऱ्यांची प्रार्थना चालवायला पाठवलं. मी दवाखान्यातला कंपाउंडर, दापोलीकडचाच, म्हणून माझ्याशी मराठीतच बोलायचे.

परवा तापात म्हणाले, "हुसेनभाई, मला एडिथशेजारी ठेवा. सुरंगीच्या झाडाखाली."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

का म्हटलं? माझ्या हातात काय होतं? कंपनीच्या साहेबाला सांगितलं, तर म्हणाला, "बोटीनं मुंबईला पोचायलाच आठवडा लागेल. बॉडी कशी टिकेल?" त्याचंही खरंच. पण ते सुरंगीचं झाड डोळ्यांपुढून हलत नाही. आत्ता फुललं असेल.

प्रार्थना इंग्रजीत झाली. सगळे गाड्यांत बसून गेले. मी मनात फातिहा पढलो, मूठभर वाळू घातली आणि निघताना सवयीनं म्हणालो, "येतो, साहेब."

आजूबाजूच्या कबरींत मराठी कळणारं कुणीच नाही.