अंगठ्यावरची शाई

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण माझी पाठ. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करत बाकावर वाकून काढला, आता तिने संप पुकारलाय. डॉक्टर म्हणाले, योगासनं सुरू करून पाठ मोकळी करा, नाहीतर दुकान मिटवून घरी बसा. घरी बसून मी काय करू? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसू?

म्हटलं, योगासनं काय आपल्याला नवी आहेत! बाबांनी आता दुकानामागे आहे त्या खोलीत आपल्याकडून सगळी करून घेतली होती. म्हणून काल जेवण झाल्यावर सतरंजी टाकली आणि थेट हलासन लावलं. पाय डोक्यामागे गेले ते परत काही येईनात. तुझी भावजय शेजारच्या न्हाव्याला हाक मारायला धावली. त्याने मला उलगडलं आणि आलोच आहे तर दाढीही करून देऊ का, असं वर विचारलं.

हसून झालं की नीट लिही, सुरुवात कशी करायची ते. तुझं अजून रोज चालतं, तेव्हा तुलाच विचारतोय.

लोभ असू दे, रागावलीस तरी चालेल.

तुझा धाकटा


दि. ११ मार्च

चि. चुळबुळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पोट दुखेपर्यंत हसले आणि मग घाबरले. अरे, जेवून उठल्यावर हलासन? तुझ्या डोक्यात तुझं वय अजून शाळेतलंच आहे वाटतं. बाबा छापखान्यातून आले तरी आसनं होईपर्यंत आपल्याला जेवू द्यायचे नाहीत, आठवतं? तू भुकेने भोकाड पसरायचास, ते ढिम्म हलायचे नाहीत. पोट रिकामंच हवं.

आधी कोणाकडे तरी शीक, आणि पहिल्याच दिवशी पाठीचं दुखणं सांगून टाक. ताण बसला तर चालेल, दुखलं की तिथेच थांब. श्वास कोंडू नकोस. आणि शेजारचा काय करतोय ते बघू नकोस. माझ्याशी चढाओढ करायला जाऊन तू माझ्याच अंगावर कोसळायचास. रोज थोडंच कर, पण रोज कर.

शेवटचं शवासन मात्र चुकवू नकोस. तिथेच तुझं घोडं अडणार. बाबांनी स्वस्थ पडून राहायला सांगितलं की तुझी चुळबुळ सुरू, त्यावरून तर हे नाव पडलं. मग ते हळूच पायाशी येऊन अंगठा दाबायचे, तेव्हा कुठे उठायची परवानगी. दिवसभर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून बोटांत मुरलेली शाई आपल्या अंगठ्याला लागायची आणि शाळेत मुलं चिडवायची. तू दगडाने घासून काढायचास. मला तो डाग धुवावासाच वाटायचा नाही.

भावजयीला सांग, पुढच्या वेळी न्हाव्याऐवजी मला बोलाव.

तुझी काळजी करून थकलेली,
ताई


दि. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण पाठीबद्दल खोदून खोदून विचारलं. सुरुवात खुर्चीवर बसवून केली, तेव्हा लाजच वाटली. पण गुण आला. आता सकाळभर बाकावर बसवतं, दुपारी मात्र पाठीचं पुन्हा लाकूड होतं. बाई म्हणाल्या, तुम्ही शवासनाच्या आधीच सतरंजी गुंडाळून पळता, मग अंग सैल पडणार कधी?

म्हणून परवा पडून राहिलो. चुळबुळ केली नाही, तुझी शपथ. पाठ हळूहळू जमिनीला टेकली, आत कुठेतरी गाठ सुटल्यासारखं झालं, आणि एकदम शाईचा वास आला गं ताई. बाईंनी उठायला सांगितलं. सगळे उठले, मी तसाच. त्यांना वाटलं, मला झोप लागली. मी कोणीतरी अंगठा दाबायची वाट बघत होतो. मग रडू आलं, भर वर्गात, या वयात.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. एक नाजूक मनगटी घड्याळ महिनाभर पडून होतं, ते चालू करूनच उठलो. डॉक्टर म्हणतात, दुकान मिटवायची गरज नाही, मधूनमधून उठत जा म्हणजे झालं.

एक विचारायचं राहिलं. तू एकटी असतेस, मग शवासनातून उठतेस कशी?

उत्तराची वाट बघतोय, माया आहेच.

तुझा धाकटा


दि. ९ मे

चि. चुळबुळ्यास,
अनेक आशीर्वाद.

दुकान राहिलं हे वाचून जीव भांड्यात पडला. भावजयीचाही पडला असेल, दिवसभर तुला घरात सहन करणं काही सोपं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं आणि कागद फाडला. पुन्हा बसलेय. मी उठत नाही, कारण मी पडतच नाही. बाबा गेल्यापासून सगळी आसनं करते, आणि शवासनाची वेळ आली की सतरंजी झटकून चहाचं आधण ठेवते. तुला पानभर उपदेश केला खरा. पण मी पडून राहिले आणि अंगठ्याला कोणी हात लावलाच नाही तर, या विचाराने मला धडकी भरते. म्हातारीने कोणाला सांगायचं हे?

पुढच्या आठवड्यात येतेय. दुकानामागची खोली झाडून ठेव. आम्ही उठल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत, असं भावजयीला बजाव. आसनं दोघं मिळून करू, पण शेवटी मी पडणार आणि तू माझ्या पायाशी बसायचंस.

बाकावरून उठून तसाच ये, हात धुऊ नकोस. घड्याळाचं तेल अंगठ्याला लागलं तर लागू दे.

तुझी,
ताई