मळ्यावरच्या बंगल्याची भिंत

माझ्या गोऱ्या ओडालीला झेलीनताईचा पापा,

मी सांगतेय आणि नात कोरिन लिहितेय. पत्र टाकायचं नाहीच, तुझं टपाल तुझा नवरा फोडतो. पण बोलल्याशिवाय मला झोप कुठली!

बाबा राबायचे त्या उसाच्या मळ्यावरच्या फ्रेंच बंगल्याचं आता म्युझियम झालंय. मिसिसिपीच्या पुराला भिऊन विटांच्या खांबांवर उचललेला, चारही बाजूंनी व्हरांडा, जिना बाहेरून. आपल्या गुलाम पणज्यांनी चिखलात झाडावरचं शेवाळ तुडवून त्याच्या भिंती भरल्या आणि वरून पांढरा चुना फासला. तूही तशीच गं! जन्म काळ्यांच्या घरातला, पण उजळ कातडीवर कॅलिफोर्नियात गोरी म्हणून नांदतेस, आत आपलीच माती.

काल म्युझियमची बाई आली होती. लहानपणी त्याच भिंतीच्या डागडुजीसाठी बाबांनी आपल्याकडून चिखल तुडवून घेतला, तेव्हाचा आपल्या दोघींचा फोटो तिला तिथे लावायचाय.

"आजी, ही गोरी मुलगी कोण?" बाईने विचारलं.

"मालकाची असेल."

"मालकाची मुलगी चिखल तुडवेल होय?" कोरिन फिसकन हसली. मेलीला सगळं ठाऊक आहे.

तुला लपवून लपवून दमले मी. फोटो दिला आणि तुझी नातवंडं कधी सहलीला आली, तर तुझा संसार मोडेल. नाही दिला, तर आपण तिथे राबलो हे कुणाला कळणारच नाही.

शेवटी कात्री घेतली आणि गुडघ्यांवरचं सगळं कापलं. तुझ्याबरोबर माझाही चेहरा गेला. आता उरलेत चिखलाने माखलेले चार पाय. त्यांतले तुझे कोणते, मलाही ओळखू येईनात.

तुझी, पण कुणाला सांगू नकोस,
झेलीनताई